त्या वह्या रद्दीत घालू नका

कोरोनाच्या साथीमुळे 2020 आणि 2021 च्या आषाढात आपल्या वेळापूरजवळच्या धावाबावीच्या माळावर कुणी धावलं नाही. एरवी माउलींची पालखी माळशिरसहून निघते, खुडूस फाट्याला रिंगण होतं, मग या उंचवट्यावर भारूड आणि धावा. तुकोबांना इथूनच पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, ही आपली श्रद्धा. म्हणून सगळी वारी हा उतार वेळापूरच्या दिशेनं पळत उतरते. त्या दोन वर्षी रस्ता मोकळा राहिला. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकी माणसं. एरवी आपली पडवी, विहीर, अंगण वारकऱ्यांना मोकळं करून देणाऱ्या घरांनी दारं लावून घेतली. वाईट वाटलं, पण कारण पटलं होतं, म्हणून गावानं सोसलं.

2021 ची आषाढी एकादशी 20 जुलैला होती. तीनच दिवसांनी, 23 जुलैला, टोकियोत ऑलिंपिक सुरू झालं.

तिथली माणसं गप्प बसली नव्हती. मे महिन्यात केंजी उत्सुनोमिया नावाच्या वकिलांनी स्पर्धा रद्द करा असा अर्ज काढला. दहा दिवसांच्या आत साडेतीन लाखांवर सह्या झाल्या. आयोजकांनी स्पर्धेसाठी पाचशे परिचारिका मागितल्या, तेव्हा परिचारिकांनीच जाहीर विरोध केला. तिथल्या एका रुग्णालयानं खिडक्यांवर कागद चिकटवले, आमची ताकद संपलीय, ऑलिंपिक थांबवा. 26 मे रोजी ‘असाही शिंबुन’ या दैनिकानं अग्रलेखातून स्पर्धा रद्द करण्याची मागणी केली, आणि हे वृत्तपत्र त्याच ऑलिंपिकचं अधिकृत भागीदार होतं! स्पर्धा थांबली नाही. पण साथ वाढली, आणीबाणी लागली आणि टोकियोतली स्टेडियम प्रेक्षकांविना ठेवावी लागली.

आता आपल्याकडे या. 21 एप्रिल 2021, बुधवार. दुपारी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि 22 रुग्ण श्वासाविना गेले. त्याच संध्याकाळी मुंबईत वानखेडेवर दिवे लागले, आयपीएलमधला चेन्नई आणि कोलकात्याचा सामना झाला. राज्यात संचारबंदी होती. लग्नाला किती माणसं, मयताला किती माणसं, हे मोजून दिलं होतं. देशोदेशीचे खेळाडू आणणारी ही स्पर्धा मात्र चालू राहिली. लोक बोलले, याचिका झाली, ‘न्यू इंडियन एक्सप्रेस’नं आयपीएलच्या बातम्या छापणं थांबवलं. शेवटी 4 मे रोजी स्पर्धा थांबवली, तीही खेळाडूच पॉझिटिव्ह निघायला लागले तेव्हा. आपल्याकडे होणारा टी-20 विश्वचषक पुढे अमिरात आणि ओमानला गेला.

विरोध करणाऱ्यांना तेव्हा खेळाचे वैरी ठरवलं गेलं. वेळापूरच्या माणसानं हे ऐकून घेऊ नये. आपल्याकडे पोरंपोरी शाळेची पिशवी टाकली की खो-खोच्या मैदानावर असतात. खेळ काय असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि ज्या गावानं माउलींची पालखी दोन वर्षं सोडली, त्या गावाला एवढं विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे: आम्ही देवाला थांबवलं, मग तुम्हाला खेळ का थांबवता आला नाही?

पण उद्या हा प्रश्न विचारायचा तर हातात काय असणार? इथंच माझं काळीज तुटतं.

त्या दिवसांतली आपल्या गावची नोंद आज कुठं आहे? 2020 च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर फिरल्या. प्रत्येकाचा ताप, प्रत्येकाचा ऑक्सिजन वहीत उतरवला. शाळेत विलगीकरण झालं, त्याचं रजिस्टर. मंडळांनी स्पर्धा आणि जत्रा रद्द केल्याची पत्रकं. पालखी येणार नाही म्हणून फळ्यावर लिहिलेली सूचना, तिचा कुणीतरी मोबाईलवर काढलेला फोटो. कुणाला बेड मिळाला नाही, कोण कुठल्या गाडीतून कुठं कुठं हिंडलं, ते मेसेज. सरकारी दप्तराला अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि खालच्या वर्गातले कागद मुदत संपली की रीतसर नष्ट होतात. घरातल्या कागदांना तर मुदतही नसते. दिवाळीची साफसफाई आली की ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात, आणि मोबाईल बदलला की फोटो गेले.

कागद गेला की काय होतं, ते जपानलाच विचारा. नागानोला 1998 चं हिवाळी ऑलिंपिक मिळालं. ते मिळवण्यासाठी केलेल्या खर्चाच्या नव्वद वह्या नंतर जाळून टाकल्या. पुढे लाचखोरीचा बोभाटा झाला तेव्हा पैसा कुठं गेला हे दाखवायला काही उरलं नव्हतं. आपलं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे. 1918 च्या तापात या देशात कोटीहून जास्त माणसं गेली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरातलीही गेली असतील. त्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत? मला नाहीत.

आणि कागदांची ही हेळसांड ज्या गावात होतेय, तिथं अर्धनारीनटेश्वराच्या देवळाशी यादवराजा रामचंद्राच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगडात कोरून ठेवलं, म्हणून आज आपण ते वाचतो. आपल्याला सहा-सात वर्षांपूर्वीची शंभर पानी वही सांभाळता येत नाही का?

घाई का, तर मोठे सोहळे पुन्हा दाराशी आहेत. 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे, 2036 चं ऑलिंपिक देशात आणायची तयारी चालू आहे. याव्यात, आपली पोरं त्यात खेळावीत, जिंकावीत. पण मध्येच साथ आली तर ‘थांबा’ म्हणणाऱ्याच्या हातात नुसता राग असून चालणार नाही. टोकियोच्या माणसांनी सह्या दाखवल्या, आपण वह्या दाखवू.

म्हणून सांगते ते ऐका. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव मांडू: 2020 आणि 2021 मधला साथीचा एकही कागद गावानं नष्ट करायचा नाही, आणि तो ठेवायला ग्रामपंचायतीनं एक कुलपाचं कपाट द्यावं. आजाऱ्यांची नावं उघडी पडता कामा नयेत, ती झाकूनच नकला काढायच्या. खो-खोच्या पोरापोरींनो, तुम्ही गल्ल्या वाटून घ्या आणि फोटो, मेसेज पेनड्राइव्हवर उतरवून आणा. मंडळांनी रद्द केलेल्या कार्यक्रमांची पत्रकं द्यावीत. आशाताईंनो, तुमची वही तुमच्याकडेच राहील, आम्हाला फक्त नक्कल करू द्या. आणि तुम्हाला जे आठवतं ते आम्ही समोर बसून लिहून घेऊ. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी मन झालं तरच यावं, पण कपाटात त्यांची जागा राखलेली असेल.

आज घरी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडा. वहीला वाळवी लागली असेल तर पानं झटकू नका. तशीच सावलीत ठेवा, आणि मला हाक मारा.