शीतयुद्ध अटळ नव्हते

संपादक महोदय,


आपल्या रविवार पुरवणीतील दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगावरचा लेख वाचला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या वैराचे कारण लेखकाने एका वाक्यात सांगून टाकले आहे: एक भांडवलशाही, दुसरा साम्यवादी, म्हणून संघर्ष अटळ. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांतही हेच उत्तर असते आणि मुले ते पाठ करतात. मी अनेक वर्षे इतिहास शिकवला आहे. हे उत्तर मला मान्य नाही.

विचारसरणीतला फरक १९४५ साली जन्मला नव्हता, तो १९१७ पासून होता. रशियातील यादवीत अमेरिकन सैनिक अर्खांगेल्स्क आणि व्लादिवोस्तोक येथे उतरले होते. सोव्हिएत सरकारला मान्यता द्यायला अमेरिकेने १९३३ साल उजाडू दिले. तरीही हिटलरने १९४१ मध्ये रशियावर चाल केल्यावर याच अमेरिकेने लेंड-लीज योजनेखाली सुमारे ११ अब्ज डॉलरचे सामान मॉस्कोला पुरवले. त्यात ट्रक होते, रेल्वे इंजिने होती, डबाबंद मांस आणि सैनिकांचे बूटही होते. विचार एक असले म्हणजे मैत्री टिकते, असेही नाही. युगोस्लाव्हियाचा टिटो कट्टर कम्युनिस्ट, पण १९४८ मध्ये स्टालिनशी त्याचे बिनसले आणि पुढे अमेरिकेने त्याला मदत दिली. चीन आणि रशिया या दोन कम्युनिस्ट देशांच्या फौजा १९६९ मध्ये उसुरी नदीवर एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या, आणि तीन वर्षांनी निक्सन बीजिंगमध्ये माओला भेटत होते.

मग १९४५ मध्ये नवे काय घडले? दोघांच्या मधले सगळे कोसळले. जर्मनी आणि जपान बेचिराख झाले होते, फ्रान्स खिळखिळा झाला होता. ब्रिटन जिंकला खरा, पण १९४६ मध्ये त्याला अमेरिकेकडून पावणेचार अब्ज डॉलरचे कर्ज घ्यावे लागले आणि फेब्रुवारी १९४७ मध्ये ग्रीसचा भार आता झेपत नाही असे वॉशिंग्टनला कळवावे लागले. मधली शेते ओस पडली की दोन टोकांच्या शेतकऱ्यांचा बांध एकमेकांना लागतो, आणि त्याआधी ज्यांना एकमेकांची फारशी फिकीर नव्हती तेच रोज बांध तपासू लागतात.

शिवाय हे दोघे सारख्या स्थितीत या बांधावर आले नव्हते. सोव्हिएत संघाने सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसे गमावली, अमेरिकेने चार लाखांच्या आसपास. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे एकही शहर उद्ध्वस्त झाले नाही. जगाच्या औद्योगिक उत्पादनातला जवळजवळ अर्धा वाटा तिचा होता आणि अणुबाँब फक्त तिच्याकडे होता. रशियाकडे उद्ध्वस्त गावे आणि युरोपातली सर्वांत मोठी फौज. एकाला पुन्हा होणाऱ्या आक्रमणाची भीती, दुसऱ्याला भुकेला युरोप मॉस्कोकडे झुकेल याची. दोन्ही भीती खऱ्या होत्या, हे आपल्याकडे फार थोडे लोक लिहितात.

ही भीती सर्वांत स्पष्ट दिसते ती जर्मनीच्या प्रश्नात. तीस वर्षांत दोनदा जर्मन फौजा रशियात घुसल्या होत्या. म्हणून याल्टा परिषदेत स्टालिनने वीस अब्ज डॉलरची नुकसानभरपाई आणि तिच्यातला निम्मा वाटा मागितला. पॉट्सडॅम परिषदेत ठरले की प्रत्येक विजेत्या राष्ट्राने मुख्यतः जर्मनीच्या आपापल्या ताब्यातल्या भागातून वसुली करावी. रशियाला पश्चिमेकडून थोडासाच हिस्सा मिळणार होता, आणि रूरचा कोळसा-पोलादाचा पट्टा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. मे १९४६ मध्ये अमेरिकन जनरल क्ले यांनी आपल्या भागातून जाणारी भरपाई थांबवली. त्यांच्या बाजूनेही विचार करायला हवा: उपाशी जर्मनांना अमेरिकन करदात्याच्या पैशाने जगवायचे आणि त्याच जर्मनीतली यंत्रे रशियाला द्यायची, म्हणजे ती भरपाई शेवटी अमेरिकेच्याच खिशातून जाणार होती. जानेवारी १९४७ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश भाग जोडले गेले. जून १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत नवे मार्क चलन आले. मॉस्कोच्या दृष्टीने याचा अर्थ एकच होता: ज्या जर्मनीने आपल्याला जाळले ती पुन्हा उभी केली जाते आहे, आणि तीही आपल्याविरुद्ध. २४ जूनला रशियाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली. वीस लाखांवर लोकांना जवळजवळ वर्षभर विमानांनी कोळसा आणि पीठ पुरवले गेले. पाश्चात्त्य राष्ट्रांना ही नाकेबंदी म्हणजे रशिया पुढे सरकत असल्याचा पुरावा वाटली. ती उठायच्या आधीच, एप्रिल १९४९ मध्ये, नाटो करार झाला होता. एकाने स्वतःच्या बचावासाठी उचललेले पाऊल दुसऱ्याला हल्ल्याची तयारी वाटत होते.

याचा अर्थ स्टालिन निर्दोष होता असा कोणी घेऊ नये. कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची कत्तल त्याच्याच राजवटीने केली. याल्टाला पोलंडमध्ये मुक्त निवडणुकांचे वचन दिले आणि जानेवारी १९४७ च्या निवडणुकीत ते धाब्यावर बसवले. पोलिश लोकांनी त्याची किंमत चार दशके मोजली. पण मॉस्कोत ऑक्टोबर १९४४ मध्ये कागदाच्या तुकड्यावर रुमानिया नव्वद टक्के तुमचा, ग्रीस नव्वद टक्के आमचा असे आकडे लिहिणारे चर्चिलच होते. छोट्या देशांची वाटणी करताना विचारसरणीची अडचण कोणालाच आली नव्हती.

कोणी म्हणेल, मधली पोकळी हेच कारण असेल तर अमेरिका आणि ब्रिटन का भांडले नाहीत? रास्त प्रश्न आहे. संशय कोणाचा घ्यायचा, हे विचारसरणीने नक्कीच ठरवले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मॉस्कोतून अमेरिकन दूतावासातील केनन यांनी वॉशिंग्टनला लांबलचक तार पाठवली. त्याच वर्षी सप्टेंबरात वॉशिंग्टनमधील सोव्हिएत राजदूत नोविकोव्ह यांनी मॉस्कोला अहवाल पाठवला. दोघांनीही आपापल्या सरकारला सांगितले की समोरचा विस्तारासाठी टपला आहे. विचारसरणीने भीतीला धार दिली, एवढे मी मान्य करतो.

पण अटळ? ऑस्ट्रियाकडे पाहा. जर्मनीप्रमाणे तोही चार सत्तांत वाटला गेला होता, व्हिएन्नाही बर्लिनसारखेच विभागले होते. १५ मे १९५५ रोजी करार झाला, ऑस्ट्रियाने तटस्थ राहायचे ठरवले आणि त्याच वर्षी सगळ्या परकीय फौजा निघून गेल्या. दोन्ही महासत्ता त्याच होत्या आणि त्यांच्या विचारसरणीही त्याच. मार्च १९५२ मध्ये स्टालिनने तटस्थ, अखंड जर्मनीचा प्रस्ताव मांडला होता. तो प्रामाणिक होता की नाही यावर इतिहासकार आजही वाद घालतात, पण पाश्चात्त्य राष्ट्रांनी तो पारखून पाहिला नाही.

आणि कोरिया! ऑगस्ट १९४५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दोन कर्नलांनी रात्री नकाशा समोर घेऊन अर्ध्या तासात ३८ वी अक्षांशरेषा निवडली. रशियाने ती मान्य केली आणि एक देश दुभंगला. पुढे १९५०-५३ च्या युद्धात लाखो माणसे मेली. युद्धानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २३ हजार युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय सैन्याकडे आला. त्या दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. त्या कैद्यांपुढे जो पेच उभा राहिला, तो माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून आला होता.

मला राग येतो तो याच कारणाने. ‘अटळ’ म्हटले की क्ले, स्टालिन, अमेरिकन अध्यक्ष ट्रुमन, चर्चिल सगळे सुटतात. पोलंड आणि कोरियाचा जाब विचारायला कोणी उरत नाही. आज अमेरिका आणि चीनबद्दलही हाच शब्द आपल्या वृत्तपत्रांत सर्रास येतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सर्व शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘शीतयुद्धाची कारणे लिहा’ असा प्रश्न विचारून विचारसरणीच्या एका ओळीला पूर्ण गुण देऊ नका. १९४५ ते १९४८ या काळात कोणी कोणता निर्णय घेतला आणि त्याऐवजी काय करता आले असते, हे मुलांना विचारा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
सातारा