शिस्तीचे दरपत्रक

परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली की आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयापुढे दोन रांगा लागतात. एक परीक्षा-शुल्काची, दुसरी दंडाची. ७५ टक्के उपस्थिती न भरलेल्या विद्यार्थ्याने पूर्वी प्राचार्यांपुढे उभे राहून कारण सांगावयाचे असे. आता तो दंड भरतो, छापील हमीपत्रावर सही करतो आणि पावती घेऊन निघून जातो. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मला विचारले, "सर, यंदा दंड किती आहे?" या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. गिऱ्हाईक भाव विचारते, तसा त्याने तो विचारला होता.

त्याच वर्गातील दुसरा एक मुलगा रात्री भाजीबाजारात हमाली करून सकाळी वर्गात येई. त्याची उपस्थितीही थोडक्यात कमी पडली. दोघांना दंड सारखाच झाला. पहिल्याच्या दृष्टीने ती मित्रांसह केलेल्या एका जेवणाची रक्कम होती. दुसऱ्याने हप्ते पाडून मिळतील काय, अशी विचारणा केली. तसा नियम नव्हता.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड सुरू केला, तेव्हा उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आजवर शिक्षिकेला ताटकळत ठेवण्याची जी भीड वाटत होती, ती पैसे मोजल्यावर उरली नाही. पुढे दंड रद्द झाला तरी उशीर कमी झाला नाही. एकदा मेलेली भीड परत येत नाही, हा त्यातील अधिक चिंताजनक भाग.

आमच्या दंडाची रक्कम किरकोळ आहे. देशातील नामवंत संस्थांत ती तशी राहिलेली नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या २०२३ अखेरच्या नियमावलीत शैक्षणिक इमारतींपासून १०० मीटरच्या आत धरणे धरल्यास २० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. मुंबईच्या आय.आय.टी.त मार्च २०२४ मध्ये सादर झालेल्या एका नाटकावर रामायणाची विटंबना केल्याचा आक्षेप आला आणि काही विद्यार्थ्यांना प्रत्येकी १ लाख २० हजार रुपये दंड झाला. नाटक चांगले होते की वाईट, हा येथे प्रश्न नाही. ही रक्कम विद्यार्थी भरत नाही. त्याचे वडील भरतात, अथवा कर्ज काढतात. उपस्थितीच्या बाबतीत दंड इतका हलका की नियम विकत घेता येतो, आणि मतप्रदर्शनाच्या बाबतीत इतका जड की सधन घरच्या मुलालाच बोलणे परवडावे. दोन्हीकडे मोजली जाते ती ऐपत.

विद्यार्थी निरपराध असतात असे मला म्हणावयाचे नाही. वसतिगृहात धाकट्या मुलांचा छळ करणाऱ्याला कितीही दंड केला तरी अपुराच. त्याला संस्थेबाहेर काढावे. काच फोडणाऱ्याकडून काचेची किंमत घ्यावी, पण ती नुकसानभरपाई होय. तास बुडविणाऱ्याला मात्र आधी कारण विचारावे, म्हणणे ऐकून निर्णय लेखी द्यावा, आणि शिक्षाच करावयाची तर त्याचा वेळ घ्यावा: ग्रंथालयातील काम, सुटीतील जादा तास. (तास न घेणाऱ्या अध्यापकांसाठी अद्याप कोणी रांग लावलेली नाही, हेही नमूद करावयास हवे.)

यावर कार्यालयाचे उत्तर ठरलेले आहे: इतक्या मुलांची गाऱ्हाणी ऐकत बसावयास वेळ कोणाला आहे? ही अडचण खोटी नाही. लिपिकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि वर्ग फुगलेले आहेत. परंतु दंडाची रक्कम जमेच्या बाजूस पडते, आणि जमेचे खाते आटावे असे कोणत्याच संस्थेला मनापासून वाटत नसते, ही शंकाही अस्थानी नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी कार्यालयाकडे पाच वर्षांचे दोनच आकडे मागितले. दंडापोटी जमलेली रक्कम आणि विद्यार्थ्यांची सरासरी उपस्थिती. पहिला आकडा त्याच दिवशी मिळाला.