कळफलकालाही कान

मॉस्कोतील अमेरिकी दूतावासात टंकलेखनयंत्रांवर उमटणारा मजकूर १९७६ ते १९८४ या काळात सोव्हिएत हेरांपर्यंत पोहोचत होता. दूतावासातली सुमारे ११ टन यंत्रसामग्री अमेरिकेत नेऊन क्ष-किरणांखाली धरली, तेव्हा हे उघड झाले. मॉस्को आणि लेनिनग्राड इथल्या मिळून १६ विद्युत टंकयंत्रांतील एका धातूच्या पट्टीत उपकरण दडवलेले होते. कळ दाबली की आतले भाग हलत आणि चुंबकीय क्षेत्र किंचित बदलत असे. त्यावरून अक्षर ओळखून ते रेडिओलहरींवर बाहेर धाडले जाई. सोव्हिएत कार्यालयांत मात्र गोपनीय कामाला साधी हातयंत्रेच वापरत. आपलीच करामत त्यांना ठाऊक असणार!

आता त्यासाठी यंत्र खोलावे लागत नाही. ईमेलच्या जोडपत्रातून शिरलेला छोटा प्रोग्रॅम दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवतो. संदेश कितीही भक्कम कुलपात बंद होवो, तो कुलूप लागण्याआधीच वाचला जातो. २०२३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी तर शेजारी ठेवलेल्या फोनने टिपलेल्या निव्वळ आवाजावरून ९५ टक्के कळा ओळखल्या. अर्थात, प्रयोग एकाच लॅपटॉपवरचा होता आणि त्या कळांचे आवाज संगणकाला आधी शिकवलेले होते.

चोराने हे केले तर तो गुन्हा. मालकाने केले तर? घरून काम वाढल्यापासून कळा मोजणारी सॉफ्टवेअर उघड विकली जातात. विचार करत थांबलेला कर्मचारी त्यांच्या लेखी आळशी ठरतो. शिवाय जेवणाच्या सुट्टीत टंकलेला बँकेचा पासवर्ड किंवा डॉक्टरांना लिहिलेली तक्रारही अशा नोंदीत सापडू शकते. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०१७ मध्ये असा पुरावा नाकारला. गंभीर गैरवर्तनाचा ठोस संशय नसताना मालकाने कळा टिपल्या होत्या आणि त्यावरून कर्मचाऱ्याला काढले होते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र नोकरीच्या कारणासाठी, मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. कळांच्या नोंदीचा वेगळा उल्लेख त्यात नाही. ही मुभा कुठवर पोहोचते हे सरकारने स्पष्ट केले पाहिजे. निदान काय टिपले जाते, किती दिवस साठवले जाते आणि कोण वाचते, हे कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या दिवशी लेखी, मराठीत कळायला हवे.