उचल कोण कोणाला देतो?

दसरा झाला की आमच्या चौसाळ्याच्या बाजूने माणसे भरून ट्रक आणि ट्रॅक्टर साखर कारखान्यांकडे निघतात. बालाघाटाच्या या पट्ट्यात कोणी घर सोडून परमुलखी गेले तर ती बातमी होत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल म्हणजे मुकादमाने हंगामाआधी हातावर ठेवलेली रक्कम, हे इथल्या पोराला बाराखडीआधी कळते. मी आयुष्याची तीस वर्षे बँकेत काढली आणि मग कादंबऱ्या लिहिल्या. पण पोटासाठी दूर जाणाऱ्या माणसाचा हिशेब मला या उचलीनेच शिकवला.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. संध्याकाळी ओळखीतले एक शेतकरी ओसरीवर येऊन बसले. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले, मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मुलगा सतरा वर्षांचा. पुण्यात शिकतो, फुटबॉल खेळतो, तोही बचावफळीत. कोणा मध्यस्थाने त्याला युरोपातल्या एका क्लबच्या निवड चाचणीचे आमिष दाखवले होते.

"सायेब, सहा लाख भरायचेत. दोन एकर गहाण टाकावं म्हनतो. तुमी बँकेतले, तुमीच सांगा."

माझ्यातला कादंबरीकार लगेच म्हणाला, जाऊ दे पोराला. बँकवाला म्हणाला, थांब, आधी कागद बघ. हा लेख त्या दोघांच्या भांडणातून निघाला आहे.

आधी कादंबरीकाराची बाजू. "बीडच्या पोराचे परदेशात काय काम?" असे म्हणायची सोय आता उरलेली नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरची वाट तुडवत शाळेत जायचा. पुढे तो सैन्यात गेला आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला. त्याच्या जिल्ह्यातल्या मुलाने मोठे स्वप्न बघितले तर त्याला हसायचे कोणी?

पण बचावपटूचे स्वप्न जरा वेगळे असते. गोल करणाऱ्याचे नाव धावफलकावर लागते, बचावपटूचे काम मात्र न झालेल्या गोलात असते. त्याच्या हातून एक चूक झाली तर ती सगळ्यांना दिसते, आणि नव्वद मिनिटे चूक झाली नाही तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. बँकेत कॅश सांभाळणाऱ्याला हे दुःख समजावून सांगावे लागत नाही. अशा खेळाडूला परक्या देशात कोणी बोलावणे म्हणूनच दुर्मीळ.

आपल्याकडचे ताजे उदाहरण संदेश झिंगन याचे. हा चंदीगडचा, भारताच्या बचावफळीचा आधारस्तंभ. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये क्रोएशियाच्या वरच्या श्रेणीतल्या शिबेनिक क्लबने त्याला करारबद्ध केले. त्या श्रेणीत करार मिळालेला तो पहिला भारतीय. पण तिथे पोचल्यावर दुखापत झाली आणि एकही सामना न खेळता तो जानेवारी २०२२ मध्ये कोलकात्याच्या क्लबकडे परतला.

म्हणजे गेला आणि हरून आला? मला तसे वाटत नाही. २०२३ मध्ये सॅफ स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि त्याच वर्षी तो गोव्याच्या एफसी गोवा संघात आला. महत्त्वाचे हे की तो गेला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, हातात क्लबचा करार होता, आणि परत यायला घर, संघ, नाव सगळे शाबूत होते. फसलेला प्रवास त्याला परवडला. दोन एकर गहाण टाकून निघालेल्या सतरा वर्षांच्या पोराला तो परवडेल का, हा खरा प्रश्न आहे.

आणि परदेश म्हणजे युरोपच असेही नाही. सेनेगलचा मुर्तदा फॉल हा धिप्पाड बचावपटू आधी मोरोक्कोत खेळला, २०१८ मध्ये गोव्यात आला आणि २०२० मध्ये मुंबई सिटी संघात. २०२०-२१ च्या हंगामात मुंबईने साखळीतले अव्वल स्थान आणि विजेतेपद दोन्ही जिंकले, त्यात त्याचा वाटा मोठा. त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने पोरगा परदेशात होता, आणि तो परदेश म्हणजे आपली मुंबई!

याच मुंबईचा राहुल भेके. १९९० चा जन्म. परदेशी क्लबचा करार त्याच्या वाट्याला आला नाही. मुंबई, कोलकाता, बंगळूर असा तो देशातच फिरत राहिला. १७ मार्च २०१९ च्या अंतिम सामन्यात, मुंबईतच, जादा वेळेत त्याने डोक्याने मारलेल्या गोलवर बंगळूरने गोव्याला हरवले. भारताच्या संघात तो त्याच वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी आला. आणि ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध पिछाडीवरून मुंबई सिटीने २-१ असा विजय मिळवला, तेव्हा विजयी गोल याच बचावपटूचा होता. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. वाट घरूनच गेली, पण रियाधपर्यंत पोचली.

आता बँकवाल्याची बाजू. कर्जाचा अर्ज समोर आला की आम्ही आधी एकच बघायचो: पैसा कोणाकडून कोणाकडे जातो आहे? फुटबॉलच्या जगात ही दिशा नियमांनीच ठरवून दिली आहे. खेळाडू परदेशात पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा, बारा ते एकवीस या वयात ज्या क्लबांनी त्याला घडवले त्यांना नव्या क्लबने भरपाई द्यायची असते. पुढे करार चालू असताना तो दुसऱ्या क्लबला विकला गेला, तर किमतीतला पाच टक्क्यांपर्यंतचा वाटाही त्यांच्यात वाटला जातो. म्हणजे पैसा क्लबकडून निघतो आणि ज्यांनी पोर घडवले त्यांच्याकडे येतो. इथे तर बापाच्या सातबाऱ्यातून निघून मध्यस्थाच्या खिशात चालला होता.

दुसरी गोष्ट वयाची. अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करायला फिफाच्या नियमांत मनाई आहे. आई-वडील दुसऱ्या कारणाने तिकडे राहायला गेले, असे मोजकेच अपवाद. हा नियम परक्या देशात मुले उघड्यावर टाकली जाऊ नयेत म्हणून आहे. आणि २०२३ पासून खेळाडूंच्या मध्यस्थांना फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. आपण ट्रॅक्टर घेताना दहा ठिकाणी चौकशी करतो, मग मुलगा ज्याच्या हवाली करायचा त्याचा परवाना का विचारू नये?

मी त्यांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा मुकादम निदान आदी पैशे देतो. ह्यो तर आपल्याकडूनच उचल घ्यायलाय."

तीस वर्षांच्या नोकरीत इतके नेमके टिपण मी एकाही फायलीवर लिहिले नसेल.

मुलगा दाराशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले, कारण त्याची तगमग खोटी नव्हती. देशातही मुलांना भरवसा वाटावा अशी स्थिती नाही. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित झाला आणि नामवंत खेळाडूही अधांतरी राहिले. घरचे मैदान असे डळमळत असताना पोरांचे डोळे बाहेर लागले तर दोष त्यांचा नाही. तो मैदाने आणि स्पर्धा चालवणाऱ्यांचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बारा महिने स्पर्धा असत्या, शाळेत शिक्षकाइतका हक्काचा प्रशिक्षक असता, तर मध्यस्थाला ओसरीपर्यंत यायला वाटच सापडली नसती.

म्हणून माझा सल्ला "जाऊ नको" असा नाही. जा, पण अठरा पुरी होऊ दे, बारावी होऊ दे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या संघात दोन हंगाम पाय रोवून खेळ. बोलावणे क्लबच्या सहीशिक्क्याने येऊ दे आणि तिकिटाचे पैसे बोलावणाऱ्याला भरू दे. बचावपटूला हे सांगावे लागू नये. चेंडू दिसला की धावत सुटणारा बचावपटू फसतो. चांगला बचावपटू थांबतो, समोरच्याचे पाय बघतो, आणि वेळ आली की मगच झेप घेतो.

दोन एकर अजून त्यांच्याच नावावर आहेत. मुलगा पुण्याला परत गेला आहे आणि रोज पहाटे मैदानावर जातो, असे त्याचे वडील परवा फोनवर सांगत होते.