नियंत्रण सुटले, तरी कान उघडे!

गणपतीसाठी रजेवर आलेल्या भाच्याला घेऊन पेणहून रोह्याला, ताईकडे निघालो होतो. स्वारी वैमानिक! गाडीत मी सहज विचारले, "काय रे, नियंत्रित हवाईक्षेत्राबाहेर पडलास, की तुझ्यावर नजर कोणाची?"

"माझीच, मामा. नियंत्रक सांगतो, आमची सेवा संपली, आता फ्रिक्वेन्सी बदला. रेडिओचे स्टेशनच म्हणा ना!"

"म्हणजे सुटलास की!"

"सुटतो कसला? आसपासची विमाने आपणच पाहायची. पुढची फ्रिक्वेन्सी आधीच लावून ठेवायची, बोलण्यापूर्वी क्षणभर ऐकायचे. उत्तर आले नाही, तर मागच्या फ्रिक्वेन्सीवर परतायचे. या लहरी सरळ जातात. खालून उडताना डोंगर आड आला, की आवाज तुटतो. म्हणून जमेल तेव्हा दुसरा रेडिओ १२१.५ मेगाहर्ट्झवर. संकटातली हाक तिथे येते."

नागोठणे मागे पडले. मला आठवले, गेल्या खेपेस नोकरीच्या गावी पोहोचून या पठ्ठ्याने चार दिवस फोन केला नव्हता. ताईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

रोहे आले. येथे मध्य रेल्वेची हद्द संपते, पुढे कोकण रेल्वे. कारभारी बदलतो; पण पुढच्या स्टेशनाचा होकार आल्याखेरीज गाडी हलत नाही.

मी म्हटले, "हाच नियम घरालाही लाव. तुझी आई बोलत नाही. नुसती ऐकत बसते."

तो गप्प झाला. परत गेला, त्या रात्रीच ताईचा निरोप आला, "पोहोचला हो!"

वाचकहो, आपलीही मागची फ्रिक्वेन्सी लावून कोणीतरी बसले असेल. एक हाक द्या.