आर्थर क्रूडप आणि हिशेबाची वही

कलावंताचा गौरव करताना समाजाला फारसे काही मोजावे लागत नाही. त्याच्या श्रमाचे दाम चुकते करण्याची वेळ आली की मात्र खातेवह्या मिटतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ब्लूज गायक व गिटारवादक आर्थर क्रूडप यांचे आयुष्य हे याचे ढळढळीत उदाहरण आहे.

क्रूडप यांचा जन्म १९०५ साली मिसिसिपी राज्यात झाला. गुलामगिरी कायद्याने संपली होती. पण कापसाच्या शेतावर बटईने राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाची हिशेबाची वही मालकाच्याच हाती असे, आणि वर्षाअखेरीस कुटुंबाच्या नावावर बहुधा कर्जच निघे. ब्लूज हे गाणे याच मातीतले. क्रूडप यांनी शेतमजुरी करीत तिशीच्या सुमारास गिटार हाती घेतली. १९४० च्या सुमारास ते शिकागोच्या रस्त्यांवर गात असताना लेस्टर मेलरोज या निर्मात्याने त्यांना हेरले, आणि १९४१ पासून आरसीए व्हिक्टरच्या ब्लूबर्ड या शाखेतर्फे त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या.

त्यांच्या वादनात वैचित्र्य फार नव्हते. मोजक्याच स्वरांत त्यांची गिटार फिरे. परंतु शेतातून हाळी द्यावी तसा उंच, ताणलेला आवाज आणि गिटार, बास व ड्रम एवढ्यावरच उभा राहिलेला धावता ठेका यांत पुढच्या रॉक अँड रोलची चाहूल स्पष्ट ऐकू येते. १९४६ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिस येथे एकोणीस वर्षांच्या एल्विस प्रेस्लीने गायिले आणि त्याची कारकीर्द तेथून सुरू झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रेस्लीने क्रूडप यांचे नाव लपविले नाही. त्या तबकडीवर रचनाकार म्हणून क्रूडप यांचेच नाव छापलेले होते, आणि १९५६ साली प्रेस्लीने आपले ऋण जाहीरपणे मान्यही केले. तेव्हा एका गोऱ्या तरुणाने कृष्णवर्णीयाचे गाणे चोरले, एवढे म्हणून हा विषय संपत नाही. नाव होते, कृतज्ञता होती, पैसा नव्हता. कारण गाण्याचे प्रकाशनहक्क करारान्वये दुसऱ्यांच्या हाती गेले होते. मिसिसिपीतील वही शिकागोत आली, तिच्यावरचा मालक तेवढा बदलला.

आपल्या श्रमावर इतर श्रीमंत होत आहेत हे उमगल्यावर क्रूडप यांनी पन्नाशीच्या दशकात ध्वनिमुद्रण सोडले आणि व्हर्जिनियात ते पुन्हा शेतमजुरीकडे वळले. साठीच्या दशकात नव्या श्रोत्यांनी त्यांना शोधून काढले. त्यांचे व्यवस्थापक डिक वॉटरमन यांनी थकलेल्या मानधनासाठी झगडा मांडला आणि हिल अँड रेंज या प्रकाशनसंस्थेशी सुमारे ६०,००० डॉलरांची तडजोड ठरली. क्रूडप मुलाबाळांसह न्यूयॉर्कला गेले, त्यांनी सह्याही केल्या. कंपनीच्या प्रमुखाने मात्र सही नाकारली. दावा हरलो तरी याहून अधिक द्यावे लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता, अशी हकीकत वॉटरमन यांनी सांगितली आहे. क्रूडप रिकाम्या हातांनी परतले आणि १९७४ साली निवर्तले.

पुढे ती संस्था विक्रीस निघाली, तेव्हा हा अनिर्णित दावा व्यवहाराच्या आड आला आणि मग वारसांना पैसे मिळाले. जे न्यायबुद्धीने वीस वर्षांत झाले नाही, ते खरेदीदाराला निर्वेध मालकी हवी होती म्हणून झाले! अर्थशास्त्राच्या अध्यापनात मालकीहक्काचे याहून बोलके उदाहरण मला क्वचितच सापडले.

कलावंताच्या दैन्याची कहाणी ऐकून आपण हळहळतो आणि निधी जमवितो. ते गैर नाही. परंतु करार करण्याच्या क्षणी तो एकटा आणि गरजू असतो, आणि नाडला जातो तो तेथेच. म्हणून त्याच्या पाठीशी संघटना हवी आणि श्रमाच्या फळावरील काही हक्क विकताच येऊ नयेत असा कायदा हवा. सत्काराची शाल उशिरा आली तरी चालेल. हिशेबाची वही मात्र वेळेवर उघडली पाहिजे.