नावापुढची अक्षरे

भिलाईच्या कारखान्यात रेल्वेचा रूळ तयार होतो तेव्हा पोलाद तापलेले असतानाच त्याच्या उभ्या पट्टीवर काही खुणा उमटवल्या जातात. कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या वर्षी तो घडला, हे त्या खुणांवरून जाणत्याला वाचता येते. पण एवढ्यावर रेल्वे तो रूळ स्वीकारत नाही. रेल्वेच्या वतीने तपासणी करणाऱ्या संस्थेचे लोक तो पाहतात, मोजतात, कसोटीला लावतात आणि मगच तो मार्गस्थ होतो. घडवणाऱ्याची खूण निराळी आणि तपासणाऱ्याची मान्यता निराळी, हे त्या गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रुळाच्या बाबतीत जी गोष्ट आपणांस इतकी उघड वाटते, तीच माणसाच्या नावापुढे लागणाऱ्या अक्षरांच्या बाबतीत मात्र सुशिक्षित घरांतूनही विसरली जाते. आजचे हे सदर त्या अक्षरांविषयी आहे.

समजा, भिलाईच्या एखाद्या सेक्टरमध्ये राहणारे एक मराठी कुटुंब आहे. अशी कुटुंबे तेथे पुष्कळ आहेत. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता, आणि नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी तर दुर्ग-भिलाईवरूनच जाते. वडील कारखान्यात पाळीवर आहेत. मुलाने अभियांत्रिकीची पदविका घेतली असून त्यालाही नोकरी लागली आहे. पुढे पदवीस जावे, तर नोकरी सोडावी लागेल. अशा वेळी कोणी एक माहितीपत्रक आणून देतो : अमुक व्यावसायिक संस्थेचे सभासद व्हा, परीक्षा द्या, नावापुढे अक्षरे लावा, पदवीइतकाच मान मिळवा. आई विचारते, पैसे किती? वडील विचारतात, वर्षे किती? पण या कागदाला कोण मानणार, हे विचारायचे बहुधा राहून जाते.

हा प्रश्न भिलाईत नवा नाही. सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ मध्ये आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण तेथे आले. त्या परिसरातले अभियांत्रिकी महाविद्यालय रायपूरला होते, तेही १९५६ मध्ये नुकतेच पायाभरणी झालेले. दुर्गला महाविद्यालय निघाले ते १९८६ मध्ये. आठवड्याआठवड्याला ज्याची पाळी बदलते, आज पहाटे कामावर तर पुढल्या आठवड्यात रात्रभर, त्याने महाविद्यालयाच्या वर्गात बसावे तरी केव्हा? अशा माणसासाठी एक वाट होती. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेची परीक्षा घरी अभ्यास करून देता येई.

ही संस्था १९२० मध्ये मद्रासेत नोंदली गेली आणि १९३५ मध्ये तिला इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली. तिचे मुख्यालय कोलकात्यात असून ते ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव गोखले रस्ता असे आहे. मराठी वाचकाला हे ऐकून बरे वाटावे. भिलाईतही तिचे स्थानिक केंद्र आहे. ही सरकारी कचेरी नव्हे आणि विद्यापीठही नव्हे. ती अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी चालवलेली संघटना आहे. तिच्यात प्रवेश द्यायचा तो सभासदांच्या कौन्सिलने, नियम करायचे तेही तिनेच, आणि वर्तनाचे नियम मोडणाऱ्याला दूर करण्याचा अधिकारही तिचाच. अशा जुन्या संघटनांची घडण एखाद्या पेढीसारखी नसते. नवा माणूस आत यायचा तर त्याचे शिक्षण आणि अनुभव पाहून त्याच्या व्यवसायातील जाणते लोक त्याला पसंत करतात, आणि अनुभव व जबाबदारी वाढेल तसा तो पायरीने वर जातो. पहिली पायरी असोसिएट मेंबरची, त्यापुढे मेंबर आणि शेवटी फेलो. प्रत्येक पायरीची अक्षरे वेगळी : ए.एम.आय.ई., एम.आय.ई., एफ.आय.ई.

येथे एक गोंधळ होतो आणि त्याचा उलगडा केलेला बरा. ‘त्याने ए.एम.आय.ई. केले’ असे आपण म्हणतो, तेव्हा संस्थेच्या परीक्षेचे ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन्ही विभाग तो उत्तीर्ण झाला, असे आपल्या मनात असते. परंतु ज्याच्याजवळ आधीच विद्यापीठाची पदवी आहे, असा अभियंताही रीतसर अर्ज करून असोसिएट मेंबर होऊ शकतो आणि तीच अक्षरे लावतो. एका माणसाने ती वर्षानुवर्षे रात्री जागून मिळवलेली असतात, तर दुसऱ्याने पदवीच्या आधारे. शिवाय अक्षरे ही सभासदत्वाची खूण आहेत; सभासदत्व संपले तर ती लावण्याचा हक्कही संपतो. परीक्षेच्या उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र मात्र आपल्यापाशी राहते. म्हणून नोकरीसाठी अर्ज करताना जो कागद जोडायचा तो परीक्षेचा, सभासदत्वाचा नव्हे. कित्येक जण नेमके उलटे करतात.

या परीक्षेचे मोल वाढले ते एका कारणाने. भारत सरकारने तिची उत्तीर्णता नोकरीच्या कामी अभियांत्रिकी पदवीच्या बरोबरीची मानली. संस्था खासगी, पण तिच्या परीक्षेला मान्यता शासनाची. त्या मान्यतेच्या बळावर कारखान्यांतील, रेल्वेतील, बांधकाम खात्यांतील कितीतरी पदविकाधारकांना पदवीधरांच्या जागांवर हक्क सांगता आला. परीक्षा सोपी नव्हती. उत्तीर्ण होण्यास पुष्कळांना बरीच वर्षे लागत. मला त्यातच तिची प्रतिष्ठा दिसते.

परंतु ज्याने मान्यता दिली तो ती काढूनही घेऊ शकतो. २०१२ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदेश काढला, आणि त्यानुसार ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांची कायम नोंदणी झाली, त्यांनाच समकक्षतेचा लाभ राहिला. त्यानंतरच्या नोंदणीला तो आपोआप मिळत नाही. संस्थेने परीक्षा घेणे बंद केलेले नाही, अभ्यासक्रमातून ज्ञान मिळायचे तेही मिळते, अक्षरेही तीच राहिली. तरीही मे महिन्यात नाव घातलेला तरुण आणि जून महिन्यात नाव घातलेला त्याचा मित्र एकाच बाकावर बसून तीच प्रश्नपत्रिका सोडवत असले, तरी सरकारी नोकरीच्या अर्जापुढे ते सारखे नव्हेत. हा न्याय झाला की अन्याय, यावर मतभेद होतील. मला स्वतःला असे वाटते, की नोकरी करून शिकणाऱ्यासाठी जी वाट बंद केली, तिच्या जागी तितकीच स्वस्त आणि तितकीच कठोर दुसरी वाट खुली करून द्यायला हवी होती. पण घरच्या माणसाने आज विचार करायचा तो आजच्या नियमांचा.

‘सनदी’ या शब्दानेही फसगत होते. सनदी लेखापाल आणि सनदी अभियंता हे शब्द कानाला सारखे वाटतात. सनदी लेखापालांची संस्था मात्र संसदेच्या १९४९ च्या कायद्याने निर्माण झाली आहे, आणि तिच्या पटावर नाव असल्यावाचून कोणी त्या नात्याने व्यवसाय करू शकत नाही. वास्तुविशारदांच्या नावालाही १९७२ च्या कायद्याचे संरक्षण आहे. अभियंत्याच्या बाबतीत असा देशव्यापी कायदा आजपावेतो संमत झालेला नाही. यास्तव सनदी अभियंता हे संस्थेने आपल्या सभासदाला दिलेले पद होय. यंत्रसामग्रीच्या मूल्यमापनासारख्या कामी त्याचा दाखला पुष्कळ ठिकाणी मागितला जातो आणि त्याला वजनही असते. पण तो परवाना नव्हे. खासगी संघटनेचे कायद्याच्या संस्थेत रूपांतर झाल्याचेही उदाहरण आहे : परिव्यय लेखापालांची संस्था १९४४ मध्ये केवळ एक नोंदलेली कंपनी होती, पुढे १९५९ च्या कायद्याने तिला आजचे स्वरूप आले.

जेथे इतरांच्या जिवाला धोका आहे तेथे मात्र शासन संघटनेवर विसंबून राहत नाही. बाष्पक चालवण्याची जबाबदारी घेणाऱ्याला शासकीय मंडळाची परीक्षा द्यावी लागते. बाष्पकाचे सांधे जोडणाऱ्या वेल्डरची कसोटीही नियमानुसारच होते. विजेच्या कामाचे परवाने राज्याचे मंडळ देते. एखादी खासगी संस्था यांपैकी कशाचे ‘प्रमाणपत्र’ देऊ लागली आणि शासनाच्या परवान्याची यापुढे गरज नाही असे सांगू लागली, तर त्या दारातून मागे फिरावे.

मग नव्या संस्थेचे माहितीपत्रक हाती आले तर काय पाहावे? पत्रकावर ‘शासनमान्य नोंदणीकृत’ असे ठळक छापलेले असते, तेथे पुष्कळांची नजर थांबते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात माणसे एकत्र आली तरी संस्था नोंदता येते. नोंदणीवरून संस्था अस्तित्वात आहे एवढेच कळते. तिच्या परीक्षेविषयी शासनाचे मत त्यावरून कळत नाही. नावात ‘राष्ट्रीय’ किंवा ‘परिषद’ असल्यानेही काही सिद्ध होत नाही. शासनाचा आश्रय आहे असा भास निर्माण करणारी नावे रोखण्यासाठी १९५० पासून कायदा आहे, तथापि कायदा पोचेपर्यंत माहितीपत्रक घरोघर पोचलेले असते.

माझ्या मते संस्थेची पारख तिच्या नियमावलीवरून करावी. नियमावली मागा. ती देण्यास जी संस्था टाळाटाळ करते, तिच्याविषयी अधिक विचारण्याचे कारण उरत नाही. दिली, तर सभासदत्वाचे प्रकरण आधी वाचा. पैसे भरणारा प्रत्येक जण सभासद होतो काय? कौन्सिल कोण निवडते, आणि सामान्य सभासदाला मत आहे काय? कोणाचे सभासदत्व काढून घेता येते काय, आणि त्यापूर्वी त्याला बाजू मांडू देतात काय? जी संस्था कोणालाही नाकारत नाही आणि कोणालाही काढत नाही, तिच्या अक्षरांना पावतीपेक्षा अधिक किंमत कशी येणार? परीक्षा असेल तर मागील प्रश्नपत्रिका पाहा. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि शुल्क घेणारा हे तिन्ही एकच असतील, तर रुळाची ती दुसरी तपासणी येथे कोण करतो, हा प्रश्न मनात येऊ द्या.

आणि हे सारे झाल्यावर मुलाला ज्या जागेची इच्छा आहे, त्या जागेची भरतीची जाहिरात शोधून काढा. ती बहुधा वर्ष-दोन वर्षांपूर्वीचीही मिळते. पात्रतेच्या कलमात ज्या शब्दांत अट लिहिली आहे ते शब्द आणि माहितीपत्रकातले शब्द शेजारी ठेवून वाचा. शंका राहिली, तर नोकरी देणाऱ्या कार्यालयास लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. खिडकीवरील कारकुनाने मान डोलावली, ते उत्तर पुढे कोठेही दाखवता येत नाही.

ज्यांच्या घरात २०१३ पूर्वी अशी नोंदणी झालेली आहे, त्यांना एक वेगळी सूचना. त्या आदेशात महत्त्व आहे ते नोंदणीच्या तारखेला, उत्तीर्ण होण्याच्या तारखेला नव्हे. दिवाणखान्यात चौकटीत लावलेले प्रमाणपत्र असतेच. पण संस्थेने पहिल्यांदा पाठवलेले नोंदणीचे साधे पत्र, ज्यावर क्रमांक आणि तारीख आहे, ते कोणत्या कपाटात, कोणत्या पिशवीत आहे, हे आजच पाहून ठेवा. नसेल तर निवृत्तीची किंवा पदोन्नतीची वेळ येण्यापूर्वीच मुख्यालयाला लिहून त्याची प्रत मागवा.